लाल रानपिटुनिया : उगवायला सोपी, राखायला अवघड

दिवाळी उलटली की पुण्या-नाशकाच्या नर्सऱ्यांत पिटुनियाचे ट्रे लागतात. जांभळी, पांढरी, गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांची, दुहेरी पाकळ्यांची, जी हवी ती मिळते. त्यात लालभडकही असते, पण हा लेख तिच्याबद्दल नाही. तिची एक रानातली नातलग आहे, पिटुनिया एक्सर्टा नावाची. वांगं, टोमॅटो, मिरची, तंबाखू आणि धोतरा ज्या कुळातले, त्याच कुळातली. ब्राझीलच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे दो सुल हे राज्य आहे. तिथे कासापावा दो सुल या गावाच्या परिसरात ग्वारितास नावाचे वालुकाश्माचे सुळके उभे आहेत. ही पिटुनिया रानात फक्त तिथेच सापडते. जोआओ रेनातो स्टेहमान या ब्राझिलियन वनस्पतिशास्त्रज्ञानं तिला शास्त्रीय नाव दिलं ते १९८७ साली. बागेतली पिटुनिया तोवर दीडशे वर्षं जगभर मिरवत होती आणि ही मात्र कुणाच्या गावीही नव्हती.

दुर्मीळ रोप म्हटलं की ते लाडावलेलं, नखरेल असणार असं आपण धरून चालतो. इथे तसं काही नाही. बी मिळालं, तर ही पिटुनिया तुमच्या गॅलरीत नर्सरीतल्या पिटुनियाइतक्याच सहजपणे उगवेल आणि फुलेल. अडचण पुढची आहे. तिचं बी धरताना जरा दुर्लक्ष झालं, की तिसऱ्या वर्षी कुंडीत जे फुलतं ते एक्सर्टा नसतं. नाव तेच राहतं आणि रोप भलतंच होतं. म्हणून या लेखात पेरणीपेक्षा बी राखण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

सुळक्याच्या पोटातलं घर

ग्वारितासच्या कड्यांना वारा-पावसानं खोबण्या पाडल्या आहेत. काही खोबण्या उथळ, काही आत माणूस उभा राहील एवढ्या. एक्सर्टा या खोबण्यांच्या आडोशाला वाढते. तिथे पाऊस थेट अंगावर येत नाही, ऊन तिरपं आणि थोडा वेळ येतं, आणि मुळांना मिळते ती खडक झिजून साठलेली भुसभुशीत वाळू. त्याच सुळक्यांवर, पण बाहेर उघड्यावर, पिटुनिया ॲक्सिलॅरिस ही पांढरी बहीण वाढते. दोघींमधलं अंतर कधी कधी हातभराचं असतं. एक उन्हात, दुसरी छपराखाली.

फुलं मात्र अगदी वेगळी. ॲक्सिलॅरिसचं फूल पांढरं असतं, संध्याकाळ झाली की दरवळतं आणि त्यावर रात्रीचे हॉकमॉथ पतंग येतात. एक्सर्टाचं फूल शेंदराकडे झुकणारं लाल. नळी लांब, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, आणि पुंकेसर व स्त्रीकेसर नळीतून चांगले बाहेर आलेले. वास नाही. हा सगळा थाट हमिंगबर्डसाठी आहे. पक्षी फुलासमोर तरंगत चोच आत घालतो आणि बाहेर आलेले परागकोष त्याच्या कपाळाला घासतात. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी या दोन बहिणींवर बरंच काम केलं आहे. वास तयार करणाऱ्या रसायनांच्या साखळीतलं एक जनुक एक्सर्टात बिघडलं आणि ती बिनवासाची झाली, हे त्यांनी दाखवून दिलं. पक्ष्याला वासाशी देणंघेणं नसतं, त्यामुळे तिचं काही अडलं नाही.

त्याच परिसरात पिटुनिया सेक्रेटा नावाची आणखी एक दुर्मीळ गुलाबी जात आहे. तिला नाव मिळालं ते तर थेट २००५ साली. डोळ्यांसमोर असलेल्या डोंगरातही काय काय राहून जातं ते बघा. कासापावाच्या या सगळ्या मुलखाला २०२३ मध्ये युनेस्कोनं जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला. तो खडकांसाठी आहे, फुलांना त्याचा किती आधार मिळेल हा वेगळा प्रश्न.

एक्सर्टाला धोका आहे तो तिच्या राहण्याच्या इवल्याशा जागेमुळे आणि तिच्या पांढऱ्या बहिणीमुळेही. पिटुनियांच्या या जातींत सरसकट १४ गुणसूत्रं असतात आणि त्यांचा आपसात सहज संकर होतो. ग्वारितासच्या खोबण्यांमध्ये गुलाबीसर, फिक्या लाल, मधल्याच रंगाच्या फुलांची झाडं सापडतात, ती या दोघींची संकरित प्रजा. डोंगरात जे होतं तेच तुमच्या गच्चीवर होईल, आणि जास्त वेगानं होईल. कारण बागेतली पिटुनिया मुळात ॲक्सिलॅरिस आणि एका जांभळ्या रानजातीच्या संकरातून १८३० च्या दशकात तयार झालेली आहे.

बी आणायचं कुठून

आपल्याकडच्या बियाण्याच्या दुकानात एक्सर्टा मिळण्याची आशा धरू नका. लाल पिटुनियाचं पाकीट हातात ठेवून ‘हीच ती’ म्हणणारे भेटतील. पाकिटावर एफ-१ लिहिलेलं असेल किंवा चित्रातल्या फुलाचे पुंकेसर नळीच्या आतच असतील, तर ती ही नव्हे. युरोप-अमेरिकेत रानफुलांचं बी विकणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे आणि हौशी बागकाम करणाऱ्यांच्या बीज-देवघेवीत ती मिळते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘भाचा अमेरिकेहून येतोय, चार पाकिटं आण म्हणू या’ हा मार्ग धरू नका. पेरणीसाठी बी भारतात आणायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. वांग्याच्या कुळातल्या बियांबरोबर मिरची-टोमॅटोचे विषाणू येऊ शकतात आणि त्यांची किंमत शेतकरी मोजतो. म्हणून एखाद्या उद्यान-संस्थेनं किंवा महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागानं रीतसर परवाना काढून बी आणावं आणि सभासदांना वाटावं, हे सगळ्यात बरं. परदेशात राहणाऱ्या वाचकांचं काम सोपं आहे. न्यू जर्सी, टेक्सास अशा ठिकाणी राहत असाल, तर बी तिथल्या तिथेच मिळेल आणि वर खरेखुरे हमिंगबर्डही गॅलरीत येतील. आपल्या शिंजिरांच्या नशिबी हे फूल येईल तेव्हा ते काय करतात ते बघायला मला आवडेल.

पेरणी

महाराष्ट्राच्या पठारी भागात पाऊस ओसरला की, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा. कोकणात आणि गोव्यात दमटपणा रेंगाळतो, तिथे ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबा. विदर्भात थंडी चांगली पडते, पण फेब्रुवारी सरताच ऊन डोक्यावर येतं, त्यामुळे पेरणी लांबवू नका. थंड मुलखात राहणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात पेरून शेवटचा हिमतुषार संपल्यावर रोपं बाहेर काढावीत.

बी अतिशय बारीक असतं. बागेतल्या पिटुनियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० बिया भरतात, हिचीही तीच गत. फुंकर लागली तरी उडतं. कोरड्या बारीक वाळूत मिसळून चिमटीनं पेरलं तर जरा हाताशी येतं.

पसरट ट्रेमध्ये धुतलेला कोकोपीट आणि चाळलेलं पानकुजीचं खत निम्मं निम्मं घ्या. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून पिळून काढायचा, नाहीतर त्यातला खारटपणा कोवळ्या मुळांना मारतो. मिश्रण आधी भिजवा, वर बी पेरा आणि वरून काहीही घालू नका. या बियांना उगवायला उजेड लागतो, मातीचा पातळ थरसुद्धा त्यांना जड होतो. ट्रेवर काच किंवा प्लॅस्टिक ठेवून तो थेट उन्हापासून दूर, पण उजेडात ठेवा. पाणी वरून शिंपडायचं नाही, ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून खालून शोषू द्यायचं. २२ ते २५ अंशांत आठवड्याभरात हिरवे ठिपके दिसू लागतात. रानजातीचं बी एकदम उगवत नाही, काही मागाहून येतं. म्हणून ट्रे तीन आठवड्यांच्या आत फेकू नका. मागाहून आलेली रोपं बऱ्याचदा चांगली निघतात.

उगवण झाली की झाकण रोज थोडं थोडं सरकवा. झाकण तसंच राहिलं तर रोपं बुंध्याशी नरम पडून कोलमडतात आणि एका रात्रीत निम्मा ट्रे आडवा होतो. दोन खरी पानं फुटली की पानाला धरून (देठाला नव्हे) एकेक रोप छोट्या पेल्यात हलवा, सहा-सात पानांवर आलं की मोठ्या कुंडीत.

कुंडी, ऊन, पाणी

सुळक्याच्या पोटातलं ते घर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे काय करायचं ते आपोआप सुचेल. आठ ते दहा इंची मातीची कुंडी. त्यात कोकोपीट, जाडसर वाळू आणि गांडूळखत. आपली काळी माती मुळीच नको, ती पाणी धरून बसते आणि चुनखडीची असते. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन आणि दुपारी सावली, म्हणजे पूर्वेची गॅलरी उत्तम. वर छज्जा असेल तर सोन्याहून पिवळं, कारण हिला अंगावर पाऊस नको असतो. पाणी बुंध्याशी आणि सकाळी, वरचा बोटभर थर सुकल्यावरच.

चुनखडीचं पाणी हे आपल्याकडचं हमखास दुखणं. बोअरच्या जड पाण्यानं कुंडीतली माती हळूहळू अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळत नाही, आणि शेंड्याची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक याला खताची कमतरता समजतात आणि आणखी खत ओततात. पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांत असेल तर नत्र कमी आहे. शेंड्याला असेल तर लोह. चिलेटेड लोह पुडीवरच्या प्रमाणात द्या आणि जमेल तर साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. एरवी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, एवढं पुरतं. जास्त खत दिलं तर पानंच पानं होतात.

झाड दीड-दोन फूट वाढतं, काहीसं विस्कटलेलं. शेंडा एकदा खुडला की फांद्या फुटतात. खुडताना बोटं चिकट होतील, कारण पूर्ण झाडावर चिकट लव असते आणि तिच्यावर चिलटं अडकून मेलेली दिसतात. तो रोग नाही. पेरणीपासून साधारण तीन महिन्यांत पहिलं फूल येतं. नर्सरीतल्या पिटुनियासारखा कुंडी झाकून टाकणारा बहर मात्र हिला येत नाही. फुलांचा सडा हवा असेल तर ही जात तुमच्यासाठी नाही, आणि असं सांगण्यात काही वावगं नाही.

मावा आणि पांढरी माशी येतातच. पिवळे चिकट सापळे लावा आणि निंबोळी अर्क फवारा. कळ्यांना भोकं दिसली तर घाटे अळी शोधा, ती हातानं वेचणं सगळ्यात खात्रीचं.

तंबाखूचं मात्र वेगळं सांगायला हवं. तंबाखूच्या मोझॅक विषाणूला पिटुनिया फार लवकर बळी पडते आणि हा विषाणू वाळलेल्या, पुडीतल्या तंबाखूतही टिकून राहतो. कुणी तळहातावर तंबाखू-चुना मळला आणि त्याच हातानं शेंडे खुडले, तर महिन्याभरात पानांवर फिके-गडद चट्टे उमटतात. त्यावर औषध नाही, झाड उपटून टाकावं लागतं. सोसायटीच्या माळीकाकांना हे नीट समजावून सांगा आणि साबणानं हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावू नका. विडी-सिगारेटवाल्यांनाही तोच नियम.

बी धरणं

आता मुख्य काम. तुमच्याकडे किंवा शेजारच्या गॅलरीत साधी पिटुनिया असेल, तर मधमाश्या तिचे पराग एक्सर्टावर आणून टाकणारच. त्या संकरातून आलेली रोपं जोमदार, टपोऱ्या फुलांची असतात, त्यामुळे हौशी माणूस खूश होऊन नेमकी तीच राखतो. अंतर ठेवून हे टळत नाही, शहरात तर नाहीच. फुलाला पिशवी बांधणं हा एकच खात्रीचा उपाय.

लग्नसमारंभात भेटवस्तू देतात त्या जाळीदार ऑरगॅन्झाच्या छोट्या पिशव्या याला फार छान. कळी रंगावर आली, पण उमललेली नाही, अशा वेळी संध्याकाळी तिच्यावर पिशवी चढवून दोरी सैल आवळा. फूल उमललं की परागकोष फुटलेत का बघा. फुटल्यावर ते पिठाळ दिसतात. चिमट्यानं एक परागकोष तोडा आणि कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या ओलसर टोकावर, अलगद फिरवा. टोकावर पराग चिकटलेले डोळ्यांना दिसले पाहिजेत. पिशवी पुन्हा चढवा आणि देठाला रंगीत दोरा बांधा. दोरा बांधलेल्या फुलाचंच बी घ्यायचं, एरवीच्या शेंगा खुडून टाकायच्या.

एक्सर्टा स्वतःच्या परागानंही फळते. एकच झाड असेल तरी बी मिळेल. पण दरवर्षी एकाच झाडाचं बी धरत गेलात तर वाण आतून पोकळ होत जातो. म्हणून शक्यतो डझनभर तरी झाडं लावा आणि एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या कुक्षीला लावा. त्यासाठी ज्याचं बी धरायचं त्या झाडाची कळी एक दिवस आधी अलगद चिरून कच्चे परागकोष काढून टाकायचे. हे काम नाजूक आहे, पहिल्या दोन-चार कळ्या हातात मोडतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

महिन्याभरात शेंग तपकिरी होते. टोक फुटायच्या आत कात्रीनं कापून कागदी पाकिटात घाला आणि सावलीत वाळवा. एकेका शेंगेत शंभरावर बी निघतं. वाळलेलं पाकीट सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. असं ठेवलेलं बी काही वर्षं टिकतं.

पुढच्या हंगामात पहिलं फूल आलं की परीक्षा घ्या. पाकळ्यांची टोकं मागे वळलेली नाहीत, पुंकेसर नळीतच राहिलेत, रंग गुलाबी किंवा किरमिजी झाला, किंवा अंधार पडल्यावर वास यायला लागला, की ते झाड संकरित समजा. ते दुसरीकडे हलवा किंवा उपटा. दया दाखवू नका. शंका असेल तर संध्याकाळी सात-आठ वाजता नाक लावून बघा, वास आला तर हमखास ॲक्सिलॅरिसचं रक्त आहे.

बी न धरता झाड टिकवायचं तर मार्चमध्ये बिनफुलाच्या, बोटभर लांबीच्या फांद्या कोकोपीट-पर्लाइटमध्ये लावा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या हवेत ही कलमं उन्हाळा सहज काढतील. पुण्यात सावलीत, ओल्या पोत्याच्या आडोशानं कशीबशी निभावतील, पण पावसाळ्यात छपराखालीच. मात्र कलमांबरोबर विषाणूही पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो, म्हणून भिस्त कलमांवर ठेवू नका, बियांवर ठेवा.

डोंगरात नको

सध्या पावसाळा आला की सीड बॉल घेऊन गड-किल्ल्यांवर जायची लाट येते. हेतू चांगला, पण त्या मातीच्या गोळ्यांत कशाकशाचं बी असतं हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एक्सर्टा कड्यावर वाढते, म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावर शोभून दिसेल, असं कुणाच्या मनात आलं तर ते तिथेच मोडून काढा. आपल्या कड्यांवर कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती जेमतेम तग धरून आहेत. त्यांच्या भेगेत ब्राझीलचं बी टाकणं हा ना त्या फुलावर उपकार, ना या डोंगरावर. ही कुंडीतली पाहुणी आहे, तिला कुंडीतच राहू द्या.

बी मुबलक झालं की एकट्यानं साठवू नका. निदान दोन माणसांना द्या, आणि ती वेगवेगळ्या गावांतली असू द्यात. एका गॅलरीतली झाडं विषाणूनं गेली तरी दुसरीकडची राहतील. पाकिटावर नाव, साल, किती झाडांवरून घेतलं आणि फुलाला पिशवी बांधली होती की नाही, या चार गोष्टी शाईच्या पेनानं नव्हे, पेन्सिलीनं लिहा, कारण फ्रीजच्या ओलीत शाई फुटते. आणि तुमच्या हाती आलेल्या पाकिटावर यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर ते फुलासाठी खुशाल पेरा, पण त्याचं बी ‘एक्सर्टा’ म्हणून पुढे कुणाला देऊ नका.